स्वतःची व्हॅन, दुसऱ्याचा करारनामा

प्रश्न: मुलगा २४ वर्षांचा आहे. सध्या एका कुरिअर कंपनीत पगारी ड्रायव्हर आहे. कर्ज काढून स्वतःची मालवाहू व्हॅन घ्यायची म्हणतो. एका कंपनीने वर्षभराच्या कराराचा मसुदा दिला आहे, किलोमीटरमागे दर चांगला दिसतो. सही करू द्यावी का? आणि करार मोडला तर काम कुठून आणायचं?
– एक आई

उत्तर: दर चांगला आहे, पण तो कोणत्या किलोमीटरचा, हे आधी मसुद्यात शोधा. बहुतेक ठिकाणी पैसे फक्त भरलेल्या गाडीच्या अंतराचे मिळतात. समजा, माल १८० किलोमीटर न्यायचा आहे. तो उचलायला ६० किलोमीटर रिकामं जावं लागलं आणि परतीचं भाडं न मिळाल्यामुळे १६० किलोमीटर रिकामं परतावं लागलं. गाडी पळाली ४०० किलोमीटर, पैसे १८०चे. म्हणजे किलोमीटरला जो खर्च पडतो त्याच्या जवळजवळ सव्वादोन पट दर मिळाला, तर गाडी नुसती बरोबरीत सुटते. खर्चात इंधन, टायर, सर्व्हिसिंग, टोल, विमा आणि हप्ता तर येतातच, पण मुलाचा आजचा पगारही धरा. नवे लोक नेमका तोच विसरतात आणि महिनाअखेरीस उरलेल्या पैशाला नफा म्हणतात.

आता मसुदा. ‘कामाच्या उपलब्धतेनुसार’ असे शब्द असतील, तर कंपनीने कामाची काहीही हमी दिलेली नाही. तेवढं चालू शकतं. पण त्याच मसुद्यात ‘दुसऱ्या कोणाचं काम करता येणार नाही’ असंही कलम असेल, तर सही करू नये. काम देण्याची हमी नाही आणि बाहेरचं काम घ्यायची मुभाही नाही, मग हप्ता कशातून जाणार? दोन्हींपैकी एक बदलून मागावं: दरमहा किमान इतक्या फेऱ्या किंवा इतकी रक्कम, नाहीतर बाहेरचं काम करण्याची मोकळीक. कंपनीच्या ग्राहकांकडे परस्पर जाऊ नये, ही अट मात्र रास्त आहे. फक्त ती नेमक्या ग्राहकांपुरती आणि ठरावीक मुदतीपुरती असावी.

पैसे किती दिवसांनी मिळणार, हे दराइतकंच महत्त्वाचं. ‘बिलानंतर ३० दिवस’ आणि ‘महिनाअखेरीनंतर ६० दिवस’ यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या पद्धतीत एक तारखेच्या फेरीचे पैसे साधारण तीन महिन्यांनी हातात येतात, इंधनाचे मात्र त्याच दिवशी जातात. पहिल्या वर्षात गाडी बंद पडते ती इंजिनामुळे कमी, या मधल्या काळामुळे जास्त.

खोळंब्याचंही लिहून घ्यावं. लोडिंग-अनलोडिंगला किती वेळ फुकट थांबायचं आणि त्यानंतर तासाला किती मिळणार? पोच पावतीवर गाडी पोचल्याची आणि सुटल्याची वेळ लिहून समोरच्याची सही घेतली नाही, तर तो पैसा मागता येत नाही. मालाच्या नुकसानीची कपात फोटो आणि लेखी कारणाशिवाय नको, आणि भरपाईची मर्यादा मुलाच्या माल-विम्याच्या रकमेपुरतीच हवी. इंधन महागलं तर दर कसा बदलेल, हे मूळ भाव नोंदवून ठरवावं. करार संपवण्याची नोटीस दोन्हीकडून सारख्याच दिवसांची असावी. आणि व्हॅनही तीच कंपनी भाड्याने देत असेल, तर काम थांबल्यावर व्हॅनचं भाडं थांबतं का, ते पाहा. बहुधा ते थांबत नाही.

विम्यात दोन गोष्टी तपासा. पैसे घेऊन दुसऱ्याचा माल नेताना गाडीचा खासगी वापराचा विमा चालत नाही. आणि माल-विम्यातल्या अपवादांचं पान वाचा. रात्री राखणीविना उभ्या गाडीतून झालेली चोरी अनेकदा तिथेच वगळलेली असते.

गाडी घेताना माहितीपत्रकातल्या वजनक्षमतेवर जाऊ नये. एकूण मंजूर वजन ३,५०० किलो आणि रिकामी गाडी २,१०० किलो असेल, तर कागदावर १,४०० किलो उरतात. त्यातून चालक ८० किलो, ८० लिटर डिझेल सुमारे ६७ किलो, ट्रॉली, पट्टे आणि अवजारं ६० किलो वजा करा. उरले १,१९३. ग्राहकाला हा आकडा सांगावा. आत चाकांच्या कमानींमधली रुंदी टेपने मोजावी, कारण पॅलेट (ज्यावर माल रचतात ती चौकट) अडतं ते तिथेच.

कामाबद्दल. ॲपवरची आणि दलालांची भाडी परतीच्या फेरीसाठी चांगली. त्यांच्यावरच घर चालवायला गेलं की दर पडत जातो. कायमचं काम सुटे भाग पुरवणाऱ्यांकडे, छापखान्यांकडे, फर्निचर बनवणाऱ्यांकडे, प्रदर्शनाचं साहित्य नेणाऱ्यांकडे असतं. तिथे मालकापेक्षा डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करण्याचं काम, सांभाळणाऱ्याला भेटावं आणि ‘काम आहे का’ असं न विचारता ‘तुमची नेहमीची गाडी कोणत्या दिवशी कमी पडते’ असं विचारावं. सोबत एका पानावर आतली लांबी-रुंदी-उंची, दाराचं माप, खरी वजनक्षमता, कामाच्या वेळा आणि विम्याची रक्कम द्यावी. दुसरी गाडी म्हणून शिरकाव सोपा असतो. एकाच ग्राहकाकडून निम्म्याहून जास्त पैसा यायला लागला, की नवीन दार ठोठावायला सुरुवात करावी.

अनोळखी दलालाचं भाडं बाजारापेक्षा फारच चढं असेल, तर जरा थांबावं. घेतलेलं काम परस्पर तिसऱ्याला देऊन पैसे बुडवणं, किंवा नामांकित कंपनीच्या नावाने फोन करणं, हे या धंद्यात चालतं. आलेल्या नंबरावर खात्री करू नये. कंपनीचा नंबर स्वतः शोधून फोन करावा आणि भाडं, वेळ, पैसे देणाऱ्याचं नाव लेखी आल्यावरच गाडी हलवावी.

तीन महिन्यांचं इंधन, हप्ते आणि घरखर्च बाजूला नसेल, तर त्याने तूर्त नोकरी सोडू नये. सुट्टीच्या दिवशी भाड्याची व्हॅन घेऊन दोन-तीन ग्राहकांची कामं करून पाहावीत, आणि वरची कलमं बदलून मागणारं पत्र कंपनीला आताच पाठवावं. त्यांचं उत्तर लेखी आलं, तर बोलणी पुढे न्यावीत.