बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबी भागात वडिलांच्या जमिनीवर कर्ज काढून कॉटेज बांधलं आणि रोज ३,५०० भाड्याने दिलं, तर महिन्याला ६०,००० सुटतील का?

नाही सुटणार. दर गुणिले महिन्याचे दिवस, त्यातून अंदाजे खर्च वजा, असा हा आकडा काढलेला दिसतो. आमच्या घरात याच हिशेबावरून भांडण झालंय, म्हणून लिहिते.

जांबोटीच्या पुढे काजूच्या बागेत माझ्या दिरांनी दोन खोल्या बांधल्या. त्यांच्या वहीत खर्चाच्या बाजूला वीज, गॅस, रंग, एवढंच. स्वयंपाक, चादरी, संडास-बाथरूम, रात्री उशिरा येणाऱ्या गाडीसाठी जागणं, याला एक रुपया नाही, कारण ते मी आणि सासूबाई करणार. मी विचारलं, "भावोजी, बाहेरची बाई ठेवली तर तिला काय द्याल?" म्हणाले, "घरच्या माणसांची कसली मजुरी?" आषाढात आमच्याकडे चादरी दिवसेंदिवस वाळत नाहीत. चुलीवर दोरी बांधून वाळवल्या तर धुराचा वास लागतो आणि पाहुणे तसं लिहून जातात. तेच पाहुणे गावठी कोंबडीचा रस्सा आणि तांदळाची भाकरी यांचं मात्र भरभरून लिहितात, पुन्हा येतात ते त्यासाठीच. ज्या कामामुळे माणूस परत येतो तेच हिशेबात फुकट धरायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

आता तुमचं बघू. शनिवार-रविवार, मे महिना, डिसेंबरची सुट्टी धरून वर्षाला ११० रात्री भरल्या तर चांगलं समजा. मधल्या वारी बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाणाऱ्या गाड्या पुष्कळ, पण त्या चहाला थांबतात, मुक्कामाला नाही. सूट देऊन सरासरी ३,००० पडले तर ३,३०,००० झाले. निम्मं बुकिंग ॲपवरून आलं तर १५ टक्के कमिशनने पंचवीसेक हजार तिथेच गेले. कामाच्या बाईला महिना १०,०००, वीज-गॅस-इंटरनेटला ४,०००, पावसाळ्यानंतरच्या दुरुस्तीला वर्षाचे ४०,०००. उरले ९७,०००, म्हणजे महिन्याला आठ हजार. दहा लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलंत तर हप्ताच १३,२०० च्या आसपास बसतो. कमी पडणारा हप्ता शेतीतून भरावा लागेल.

पावसाळ्यात धबधब्यांमुळे गर्दी होते, खरं आहे. पण झाड पडून लाईट गेली किंवा वनखात्याने धबधब्याची वाट बंद केली की त्या आठवड्याचं बुकिंग रद्द. इन्व्हर्टर धरलाय का तुम्ही?

जेवणाचे पैसे मी वरच्या हिशेबात धरले नाहीत, वेगळे ठेवलेत. ते ज्या हाताने शिजवलं त्या हातात जावेत, आमच्या घरी शेवटी हेच ठरलं, आणि ते ठरवून घ्यायला मला बरंच बोलावं लागलं.

कर्ज नसेल, जागा डांबरी रस्त्यालगत असेल, तर आकडे यापेक्षा बरे येतील. भीमगड अभयारण्य जवळ असेल तर वनखात्याचे नियम पाया खोदण्याआधी विचारा, जमीन एन.ए. म्हणजे बिगरशेती आहे का तेही बघा. परदेशी पाहुणा उतरला तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते.

आणि एवढा मोठा प्रश्न लिहिलात, त्यात स्वयंपाक कोण करणार ते कुठेच नाही. आईला विचारलंय का?