डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला घरी वाचायला कसं शिकवायचं?
तिसरीतला मुलगा वाचताना अडखळतो, घ आणि ध मध्ये गोंधळतो म्हणताय ना, तर आधी पानंच्या पानं लिहून घेणं बंद करा, त्याने पोरगं फक्त वहीला घाबरायला लागतं. माझ्या भाचीला आम्ही ताटात रवा पसरून बोटाने अक्षर गिरवायला लावायचो, गिरवताना तोंडाने मोठ्याने 'ध, ध' म्हणायचं, म्हणजे डोळा, कान, हात तिन्ही एकदम कामाला लागतात. आठवडाभर नुसता ध, तो पक्का झाला की मगच घ, दोन्ही एकत्र अजिबात नको. वाचताना ओळीखाली पट्टी ठेवा. रोज १५ मिनिटं बास. आणि हो, सरकारी हॉस्पिटलमधून डिस्लेक्सियाचं सर्टिफिकेट नक्की काढा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सिया येतो, दहावीला जादा वेळ मिळतो.