हिंदी सिनेमातली विनोदी नटी टुनटुन आधी गायिका होती हे खरं आहे का?

हो, शंभर टक्के खरं आहे, आणि गायिका म्हणजे अशी तशी नाही, चांगली हिट गायिका. मूळ नाव उमादेवी, जन्म 1923 चा, उत्तर प्रदेशातला. आईवडील लहानपणीच गेले, नातेवाईकांकडे वाढली आणि गाण्याच्या वेडापायी घर सोडून थेट मुंबईला आली, त्या काळात एकट्या मुलीने असं करायचं म्हणजे काय हिंमत लागली असेल बघा. संगीतकार नौशादसाहेबांनी तिला 1947 च्या 'दर्द' सिनेमामध्ये 'अफसाना लिख रही हूँ' दिलं आणि ते गाणं देशभर गाजलं. आजही हेडफोन लावून ऐका, जराही ओढाताण नाही, शब्द एकदम स्वच्छ आणि आवाजात एक अल्लड गोडवा. मग मद्रासच्या जेमिनी स्टुडिओच्या 'चंद्रलेखा' सिनेमासाठीही गायली.

पण पुढे लता, आशा वगैरे आल्या, गाण्याची पद्धतच बदलली आणि हिची कामं कमी झाली. तेव्हा नौशादनीच अॅक्टिंग कर म्हणून सुचवलं, 1950 च्या 'बाबुल'मध्ये दिलीपकुमारसोबत सुरुवात झाली आणि टुनटुन हे नाव तिथूनच चिकटलं. गुरुदत्तच्या 'आरपार', 'मिस्टर अँड मिसेस 55', 'प्यासा' मध्येही ती आहे. नंतर मात्र लेखकांनी तिच्या जाडेपणावरच विनोद केले याचं मला फार वाईट वाटतं, कारण तिचं टायमिंग जबरदस्त होतं, नुसते डोळे मोठे करून मान वळवली तरी थिएटर हसायचं. 2003 मध्ये मुंबईत वारली. गायिका-अभिनेत्री सुरैयाबरोबरचं 'बेताब है दिल' पण नक्की ऐका, तेही 'दर्द'मधलंच.