किचनवाला फ्लॅट की हॉटेल? आधी ठरवा, रात्रीचा स्वयंपाक नक्की किती दिवस होणार

नमस्कार ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही चौघं, मुलं ६ आणि ११ वर्षांची, ७ रात्रींची सुट्टी, आणि घरात वाद हा की हॉटेलची रूम घ्यायची (नाश्ता त्यातच आहे) की किचन असलेला छोटा फ्लॅट. मिस्टर म्हणतायत रात्रीचं जेवण आपणच केलं की भरपूर पैसे वाचतील, आणि तुम्हाला वाटतंय सुट्टीतसुद्धा गॅससमोर मीच उभी राहणार. दोघांचंही म्हणणं बरोबर आहे, पण हिशोब दोघांनीही अर्धाच केलाय.

तुम्ही पाठवलेले रेट मी एका मापात बसवले, म्हणजे चौघांचं बाहेरचं एक रात्रीचं जेवण १०० धरलं आणि बाकी सगळं त्या तुलनेत. फ्लॅट हॉटेलपेक्षा रोज ३० ने महाग आहे, म्हणजे ७ रात्रींचे २१०. त्यावर साफसफाईची एकरकमी फी ५०, जी बुकिंगच्या अगदी शेवटच्या पानावर दिसते आणि मिस्टरांच्या कागदावर नाहीये. पहिल्या दिवशी तेल, मीठ, मिरपूड, चहा, भांडी घासायचं लिक्विड असं सगळं नव्याने घ्यावं लागतं आणि त्यातलं निम्मं मागे राहतं, त्याचे ३०. आणि हॉटेलातला नाश्ता गेला, तो आता तुम्हीच करणार, त्याचे रोज ८ म्हणजे ५६. झाले ३४६. हे पैसे तुम्ही गॅस एकदाही पेटवला नाही तरी जाणारच आहेत.

आता साधा स्वयंपाक केला तर चौघांचं रात्रीचं जेवण साधारण २५ मध्ये होतं, म्हणजे दर रात्री ७५ वाचतात. ४ रात्री केलात तर ३०० वाचले, म्हणजे अजून तोट्यातच. ५ व्या रात्री कुठे ३७५ होतात आणि हातात उरतात फक्त २९. सातही रात्री केलात तरी उरतात १७९, म्हणजे बाहेरची दोन जेवणंसुद्धा नाहीत, आणि त्यासाठी आठवडाभर रोज संध्याकाळी स्वयंपाक! आणि हे २५ सुद्धा साध्या जेवणाचे आहेत बरं का, रोज तयार सॉसची बाटली, चीज, मांस, फ्रोझन पदार्थ असं टोपलीत पडत गेलं की तो आकडा सहज ५० होतो आणि मग ५ रात्री रांधूनही तुम्ही ९६ ने तोट्यात जाता.

मग खरे पैसे कुठे आहेत? दुपारच्या जेवणात. तुमच्याच आकड्यांत बाहेरचं दुपारचं जेवण ७० आहे आणि डबा नेला तर जास्तीत जास्त २०. म्हणजे रात्री जे करताय तेच थोडं जास्त करायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तेच सोबत न्यायचं, एका डब्यामागे ५० वाचतात. ५ रात्री स्वयंपाक आणि ४ दुपारी डबा असं धरलं तर २९ अधिक २०० म्हणजे २२९. हा आकडा मला पटतो, कारण यात २ रात्री बाहेर जेवायचं आहेच, ते कापलेलं नाही.

म्हणून माझं मत फ्लॅट घ्या असंच आहे, पण जेवणं आत्ताच ठरवून घ्या. तिथे जाऊन दुकानात उभं राहून ठरवलं की बजेट हमखास वाढतं, त्यातून मुलं भुकेली असली की बघायलाच नको.

मी असं लावेन. पहिल्या रात्री प्रवासाने सगळे दमलेले, तेव्हा पास्ता. मोठ्या माणसाला कोरडा पास्ता ८० ते १०० ग्रॅम पुरतो, मुलांना त्याहून कमी, म्हणजे चौघांना साडेतीनशे ग्रॅमच्या आत भागतं, तरी ५०० ग्रॅमचं अख्खं पाकीट शिजवा. पाणी काढून टाकायच्या आधी त्यातलं कपभर बाजूला ठेवा. त्याच भांड्यात तेलावर लसूण परतून टोमॅटोचा डबा ओता, १० मिनिटं रटरटू द्या आणि मग पास्ता आणि ते ठेवलेलं पाणी घाला, त्यात स्टार्च असतो त्यामुळे रस्सा दाट होऊन पास्त्याला धरून राहतो, वेगळं क्रीम-चीज काही लागत नाही. एकच भांडं, अर्धा तास. उरलेला पास्ता उद्याचा डबा, त्यात काकडी चिरून घाला.

दुसऱ्या रात्री उकडलेले बटाटे आणि कांदा घालून जाड ऑम्लेट, सोबत ब्रेड. हे थंडसुद्धा छान लागतं म्हणून थोडं मोठंच करा. तिसऱ्या रात्री बाहेर. चौथ्या रात्री लाल मसुराचं दाट सूप आणि ब्रेड, ही डाळ भिजवावी लागत नाही आणि २० मिनिटांत शिजते, प्रोटीनसाठी याहून स्वस्त फार थोडं काही मिळेल. पाचव्या रात्री भात आणि परतलेल्या भाज्या, भात मुद्दाम जास्त. सहाव्या रात्री तोच भात अंडी आणि फ्रिजमध्ये जे उरलंय त्याच्यासोबत परतायचा, म्हणजे फ्रिज रिकामा होतो. सातव्या रात्री परत बाहेर, त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री भांडी नाहीत आणि उरलेलं सामान टाकणंही नाही. उरलेल्या दोन डब्यांना उकडलेली अंडी आणि सँडविच. कांदा, लसूण, टोमॅटो, अंडी, बटाटा एवढ्याच गोष्टी फिरून फिरून वापरल्यात, त्यामुळे खरेदी पहिल्या दिवशी एकदा आणि मध्ये ब्रेड-भाजीसाठी एकदा.

शिळ्या भाताबद्दल मात्र कळकळीने सांगते. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात जे शिजवूनही मरत नाहीत, भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात आणि ते विष परत गरम करूनही जात नाही. तेव्हा जास्तीचा भात ताटात पसरून लवकर गार करा, २ तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, फ्रिज ५ अंशांच्या खाली हवा. डब्यासोबत पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून न्या, डबाही थंड राहतो आणि दुपारी पाणीही मिळतं. सुट्टीत मूल आजारी पडलं तर वाचलेलं सगळं एका दिवसात जातं.

आता तुमची भीती. हिशोबातून ती मी वगळणार नाही, कारण एकाच माणसाच्या सुट्टीतून काढलेले २२९ हे घराचे वाचलेले पैसे नव्हेत, ते त्या माणसाने भरलेले पैसे आहेत. पैसे भरायच्या आधी नावं लिहून काढा, ३ रात्री मिस्टर, २ रात्री तुम्ही, ज्याने केलं त्याने भांडी घासायची नाहीत, ११ वर्षांचं मूल ताटं-पेले नक्की धुऊ शकतं. वरची सगळी जेवणं अशीच निवडलीयत की ज्याला फारसं काही येत नाही त्यालाही जमावीत. मिस्टर या वाटणीला तयार नसतील तर ताई, सरळ हॉटेल घ्या, मी स्वतः तसंच सांगेन.

आणि फ्लॅटच्या मालकाला आजच मेसेज करून विचारा की शेगड्या किती, ५०० ग्रॅम पास्ता मावेल असं मोठं भांडं आहे का, धार असलेली सुरी आहे का, फ्रिजला फ्रीझर आहे का. डोंगरात जाणार असाल तर उंचीही बघा, २००० मीटरवर पाणी साधारण ९३ अंशांलाच उकळतं त्यामुळे डाळ, भात, बटाटे सगळ्यालाच जास्त वेळ लागतो, तिथे सूपच्या जागी अंडी-ब्रेड ठेवा. नुसतं मायक्रोवेव्ह आणि किटली असेल आणि फोटोत त्यालाच किचन म्हटलं असेल तर हा सगळा हिशोब लागू होत नाही. उत्तर येईपर्यंत हॉटेलचं बुकिंग फुकट कॅन्सल होणारं असेल तर ते धरून ठेवा, फक्त कॅन्सल करायची शेवटची तारीख फोनमध्ये रिमाइंडर लावून टाका.