सगळ्या रडल्या, मला जांभया

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या सोसायटीत आम्ही नऊ-दहा जणी मिळून वाचनकट्टा चालवतो, महिन्याला एक पुस्तक. मी काहीही वाचते, कादंबरी, भुताच्या गोष्टी, आत्मचरित्र, विज्ञानकथा, रेसिपीचं पुस्तकसुद्धा पहिल्या पानापासून. पण माझी रिअ‍ॅक्शन नेहमी चुकीच्या जागी येते. ‘मृत्युंजय’ला सगळ्या रडल्या, मला जांभया. ‘कोसला’ शंभर पानांवर सोडलं. आणि गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’, जे बाकीच्यांनी “माहितीपूर्ण आहे हो” म्हणून मिटून ठेवलं, ते संपवून मी रात्री किचनमध्ये एकटी रडत बसले. मला साहित्य कळतच नाही का? नाव छापू नका प्लीज, कट्ट्यावरच्या तुमचं सदर वाचतात.

उत्तर : नाव नाही छापत, पण ओळखणारच हो त्या, जांभया बघितल्या असतील ना.

आधी ‘मृत्युंजय’. मी ते अकरावीत वाचलं, परीक्षा आठवड्यावर आलेली, आईने पुस्तक पिठाच्या डब्यामागे लपवलेलं ते शोधून काढून वाचलं आणि कर्णासाठी इतकी रडले की आजीला वाटलं पोरीचा निकाल लागला. चाळिशीत परत उघडलं तर दर दोन ओळींना एक उपमा, सूर्य काही मावळेना, मलाच डुलकी लागली. पुस्तकात काना-मात्रा बदललेला नव्हता. आणि गंमत बघा, ‘मृत्युंजय’ १९६७ चं आणि इरावती कर्व्यांचं महाभारतावरच्या लेखांचं ‘युगान्त’ पण १९६७ चंच, म्हणजे मराठीत एकाच वर्षी दोन कर्ण आले. शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून गोष्ट सांगितली, कर्णाच्या बाजूने बोलायला एवढी माणसं उभी केली की आपण वाचतानाच त्याचे नातेवाईक होऊन जातो. इरावतीबाई पडल्या मानववंशशास्त्राच्या, त्या असली नाती लावत नाहीत, भर सभेत द्रौपदीला काय बोलला होतास ते आधी सांग म्हणतात. ते वाचून मला लेखिकेचा राग आलेला, चांगला दोन दिवस, जणू माझ्याच मामाबद्दल कुणी काहीतरी बोललंय. पुढच्या महिन्यात कट्ट्यावर ‘युगान्त’मधलं कर्णावरचं प्रकरण ठेवा, बारीकसंच आहे, मग कोण रडतं आणि कोण चिडतं ते मला कळवा, मला खरंच जाणून घ्यायचंय.

‘कोसला’चं काय, सोडलंत तर सोडलंत. आमच्या हॉस्टेलवर ते १९६३ चं पुस्तक इतकं अंगात आलेलं की सहा महिने आम्ही सगळ्या “उदाहरणार्थ आज भाजी बरी वगैरे आहे” असं त्या पुस्तकातल्यासारखंच बोलायचो, मेसच्या मावशी वैतागल्या होत्या. तेव्हा मला ते फक्त विनोदी वाटलेलं. पण नायक पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते तो भाग तुम्ही बहुतेक गाठलाच नसेल, तेवढा वाचा. मागचं-पुढचं नाही वाचलंत तरी लेखक नेमाडे काही घरी येत नाहीत.

आता गोडसे भटजी, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ती. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोकणातल्या वरसईचा हा भिक्षुक, घरावर कर्ज, ग्वाल्हेरकडच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, असं ऐकून काकांना बरोबर घेऊन उत्तरेला निघाला आणि नेमका १८५७ च्या बंडात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा हा आत होता. जे मिळवलं ते परत परत लुटलं गेलं आणि शेवटी घरी काय आणलं तर गंगेची कावड, त्या पाण्याने आई-वडिलांना स्नान घातलं. पुस्तक छापून आलं १९०७ मध्ये, चिं. वि. वैद्यांनी बरीच कात्री-सुई चालवून. आता कट्ट्यावरच्यांनी ते इतिहासाचं पुस्तक म्हणून उघडलं असणार, मग राणी कधी येते, लढाई कधी येते, हेच बघत पानं उलटली जातात. तुम्ही तो पैसे कमवायला बाहेर पडलेला आणि रिकामा परत आलेला मुलगा बघितलात असं मला वाटतं, जो कमरेला बांधलेल्या चार पैशांवर शेवटपर्यंत हात ठेवून चालतोय आणि ते पण राहात नाहीत. तुमच्या घरातलं कोण बाहेरगावी आहे मी विचारत नाही.

आणि सगळ्यांना आवडलं म्हणून आपल्यालाही आवडलंच पाहिजे, हे जे तुम्हाला टोचतंय ना, त्यावरून नारळीकरांची गोष्ट आठवली. १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आपल्याच आद्याक्षरांची उलटापालट करून, म्हणजे नाव बघून कुणी भारावायला नको. पहिलं बक्षीस आलं. आपल्याला ही सोय नसते, पुस्तक हातात येतं तेच मुळी पारितोषिकाचा शिक्का आणि “अप्रतिम, निःशब्द” असले मेसेज घेऊन, मग पन्नासाव्या पानावर कंटाळा आला की आपण स्वतःवरच डाऊट घेतो.

भुताच्या गोष्टींचं मात्र बरं असतं, तिथे मत विचारावं लागत नाही, अंगावर काटा येतो किंवा येत नाही. माझ्या घरी एकदा असं झालं की मुलीला ‘अलबत्या गलबत्या’ दाखवून आणलं, चिंची चेटकिणीला बघून ती खुर्चीवर उड्या मारत हसत होती, आणि त्याच रात्री मी रत्नाकर मतकरींच्या गूढकथा घेऊन बसले, त्यांचंच नाटक बघून आलेली, आणि एक वाजता पाणी प्यायला उठायचं तर नवऱ्याला उठवलं. तो अजून ऐकवतो.

एका ठिकाणी मात्र “आवडलं” हा शब्द मला वापरता आलेला नाही, ते म्हणजे दया पवारांचं आत्मकथन ‘बलुतं’, १९७८ चं. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारलाच सांगतो, म्हणजे एकच माणूस सांगतोही आणि ऐकतोही. कॉलेजात वाचलं आणि सुट्टीत गावी गेल्यावर आजीला विचारलं, आपल्या गावात महारवाडा कुठे होता गं. ती गवार मोडत होती. मान वर न करता तिने नुसता हात केला, ओढ्याच्या पलीकडे, आणि परत गवार मोडायला लागली. मी त्या गावात अठरा उन्हाळे काढलेले आणि ओढा एकदाही ओलांडला नव्हता. याला पुस्तक आवडणं म्हणायचं की काय म्हणायचं मला आजही सांगता येत नाही.

रेसिपीच्या पुस्तकाबद्दल लाजताय कशाला, मी तापात ‘रुचिरा’ वाचते, कमलाबाई ओगल्यांचं सगळं वाटी-चमच्याच्या मापात, डोक्याला ताप नाही.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. फास्टर फेणे सोडून दुसरं काही वाचतच नाही, तेच तेच परत. दुसरी पुस्तकं आणून ठेवली तर हात लावत नाही. काय करावं?

उत्तर : काही करू नका. भा. रा. भागवतांचा तो फुरसुंगीचा बनेश सायकलवरून उतरला की आपोआप उतरेल. तुम्ही आणलेली पुस्तकं त्याच्या टेबलावर न ठेवता तुमच्या उशाशी ठेवा आणि “तुझ्यासाठी नाहीयेत” असं एकदा म्हणा, आमच्याकडे चाललं होतं. बाय द वे मुलगा फेणेसारखं ‘ट्टॉक्’ करतो का? करत असेल तर शाळेतून चिठ्ठी यायच्या आधी सांगून ठेवा.

प्रश्न : वाचलेलं लक्षात राहत नाही. वही ठेवू का?

उत्तर : ठेवा, पण सारांश लिहू नका, शाळा सोडून झाली आपली. मी फक्त कुठे थांबले आणि का, एवढंच लिहिते. परवा जुनी वही काढली तर एका गाजलेल्या चरित्रापुढे माझ्या अक्षरात होतं, “पान ११२. बाई ग्रेट आहेत पण गॅसवर दूध.” पुढे काहीच नाही. दूध उतू गेलं असावं, बाईंचं काय झालं ते मी अजून वाचलेलं नाही.

प्रश्न : लायब्ररीच्या पुस्तकात लोक पेन्सिलीने शेरे लिहून ठेवतात, अधोरेखित करतात. डोकं फिरतं. यावर काहीतरी लिहा ना.

उत्तर : पुस्तक सगळ्यांचं असतं, लिहू नये, हे तर झालंच, आणि शेवटच्या पानावर खुनी कोण ते लिहिणाऱ्याला तर डिपॉझिट परत देऊ नये. पण श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ कादंबरीचा दुसरा खंड मी आमच्या जुन्या लायब्ररीतून आणलेला, जगबुडी नदीच्या काठची ती चार पिढ्यांची वाताहत, रात्री उशिरा वाचत होते, आणि एका पानाच्या समासात बारीक अक्षरात, “इथे मी रडलो.” खाली तारीख, १९९१ ची. त्याच्याखाली निळ्या बॉलपेनने, दुसऱ्या कुणीतरी, “मी नाही.”

मी तो परिच्छेद तीनदा वाचला. पेन्सिल शेजारीच होती.