वडिलांच्या रायफलीवरचं वाळलेलं ग्रीस

प्रश्न : नमस्कार काका, आम्ही ग्वाल्हेरला दौलतगंजात राहतो. वडिलांची ३१५ बोअरची ईशापूर रायफल त्यांच्या माघारी माझ्या लायसन्सवर चढली, कागद सगळे पूर्ण आहेत. पण ती कित्येक वर्षं ग्रीस फासून मेणकागदात गुंडाळून ट्रंकेत पडून होती आणि आता ते ग्रीस तपकिरी होऊन गुळाच्या जुन्या ढेपेसारखं चिकटून बसलंय, नखाने निघत नाही. मुलगा म्हणतो पॉलिशपेपर मारू, ओळखीचा मेकॅनिक म्हणतो पेट्रोलने धुवा. दसऱ्याला पूजेत मांडायची आहे, काय करू?

उत्तर : दोन्ही करू नका, आणि मुलाला आजच सांगा की पॉलिशपेपर लांब ठेव. त्या ग्रीसने इतकी वर्षं लोखंड गंजापासून वाचवलंय, खाली काळपट निळी झाक बहुतेक अजून शाबूत असेल, ती एकदा घासून गेली की घरी परत येत नाही, आणि नंबर पुसट झाला तर कायद्याची भानगड वेगळीच.

हे ग्रीस म्हणजे व्हॅसलिनच्या जातीचंच असतं, अमेरिकेत त्याला कॉस्मोलीन म्हणतात, दुसऱ्या महायुद्धातल्या रायफली त्यातच बुडवून ठेवलेल्या असायच्या. त्यातला पातळ अंश उडून जातो आणि मागे मेण उरतं, म्हणून ते घट्ट होतं. पण ४५-५० डिग्रीला ते पुन्हा सैल पडतं, आणि ग्वाल्हेरच्या मे महिन्यात तेवढी उष्णता गच्चीवर फुकट मिळते की! तेव्हा दसऱ्याची वाट न बघता उन्हाळ्यातच हे काम उरका.

सगळ्यात आधी मॅगझिन म्हणजे काडतुसांची पेटी काढा, बोल्ट म्हणजे मागचा मुठीचा सरकता दांडा उघडा, चेंबरमध्ये काडतूस नाही हे डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत. सुटे भाग काळ्या पिशवीत घालून उन्हात ठेवा, खाली जुनं वर्तमानपत्र, आणि स्वतः तिथेच बसा, लायसन्सचं हत्यार गच्चीवर एकटं सोडायचं नसतं. ग्रीस ओघळायला लागलं की चिंधीने पुसा. उरलेल्याला रंगाच्या दुकानात मिळणारं टर्पेंटाइन, नाहीतर घासलेट, आणि जुना टूथब्रश. पेट्रोल नको कारण त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि शेजारी चालू असलेल्या कूलरच्या मोटरची एक ठिणगीसुद्धा तिला पुरते.

लोक बाहेरून चकाचक करतात आणि बोल्ट तसाच ठेवतात, मला ह्याची फार काळजी वाटते. फायरिंग पिन बोल्टच्या पोटात असते, तिथे ग्रीस वाळलेलं असलं की पिन जडावते, थंडीत तर जास्तच, आणि मार हलका बसतो. पिन काढायला खास हत्यार लागतं, पक्कडीने जोर करू नका, अख्खा बोल्ट रात्रभर टर्पेंटाइनमध्ये बुडवा, सकाळी हलवून बघा, आतून तपकिरी पाणी यायचं थांबेपर्यंत टर्पेंटाइन बदलत राहा. बोल्टवरचा नंबर रायफलीच्या नंबराशी जुळवून घ्या. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट चालत नाही.

नळीला फुलत्रू, म्हणजे नळीतून चिंधी ओढायची दोरी, आणि चिंधी, एनसीसी केलेल्या कुणालाही विचारा, साफ करायला ४ बाय २ इंचाची, तेलाला ४ बाय दीडची. चिंधी कोरडी आणि पांढरी बाहेर आली पाहिजे. चेंबरची कड वेगळी पुसा, तिथे चिकटपणा राहिला तर काडतुसाचं कवच भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. शेवटी फक्त लोखंडी भागांवर उकळतं पाणी ओता, गरम लोखंड आपोआप सुकतं, आणि लगेच पातळ तेलाचा हात फिरवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत गंजाचे ठिपके दिसतील.

लाकडाला मात्र पाणी नको. दस्ता उन्हात ठेवायचा, तेल वर आलं की पुसायचं, परत ठेवायचं, हट्टी डागाला खडूची पूड आणि थोडं टर्पेंटाइन कालवून लेप, वाळला की झटकायचा. मग जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात. त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपल्या आपण तापून पेटतात, उघड्यावर पसरून वाळवा. आणि तुमची ईशापूर ही जुन्या ब्रिटिश ली-एन्फिल्ड रायफलीच्या घडणीची, तिच्यात पुढचं लाकूड काढल्याशिवाय दस्ता आवळून धरणारा मोठा स्क्रू फिरवायचा नाही, पुढचं लाकूड चिरतं, तेव्हा माहीत नसेल तर दस्ता जागेवरच साफ करा.

पूजेपुरतं एवढं पुरे. चालवायची असेल तर आधी लायसन्सवाल्या गनस्मिथला दाखवा, १९५९च्या आर्म्स अ‍ॅक्टप्रमाणे दुरुस्तीलाही लायसन्स लागतं, गल्लीतल्या लेथवाल्याकडे नेऊ नका.

प्रश्न : काका, आमच्याकडे मुरारला घरात तलवार आहे, दर दसऱ्यानंतर पात्यावर डाग पडतात, ग्रीस लावून ठेवू का?

उत्तर : आधी हळदकुंकू नीट पुसा, ओलं कुंकू लोखंडावर राहिलं की त्याखालीच डाग धरतो. मग पातळ तेल, आणि म्यानात न घालता मऊ सुती कापडात गुंडाळा, कातडी म्यान ओल धरून ठेवतं. जाड ग्रीस लावलंत तर वरच्या ताईंसारखंच पत्र लिहायची वेळ येईल.