आहार-विचारणा : घरात सोयाबीनचे कट्टे असताना सोया प्रोटीनचा डबा घ्यावा का?

प्रश्न : सासूबाई 68 वर्षांच्या आहेत, वजन 46 किलो. वर्षभरात हातपाय बारीक झाले. खाली बसल्या की धरून उठवावं लागतं. ओळखीच्या एका बाईंनी सोया प्रोटीनचा अर्ध्या किलोचा डबा दाखवला, किंमत 1,600 रुपये. महिन्याला दोन लागतील म्हणाल्या. आमच्या शेतातलंच सोयाबीन भाव नाही म्हणून घरात पडून आहे, 14 कट्टे. डबा घ्यावा का? सासूबाईंचं जेवण आणि डब्यावरच्या लेबलचा फोटो सोबत पाठवते.
— एक वाचक भगिनी, औसा तालुका

उत्तर : ताई, तुम्ही जेवण इतकं नीट लिहून पाठवलंत म्हणून हिशोब करता आला. दिवसात ज्वारीच्या तीन भाकरी, वाटीभर पातळ वरण, थोडा भात, भाजी आणि दोन कप चहातलं दूध. एवढ्यातून त्यांना साधारण 28 ग्रॅम प्रथिनं मिळतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम लागतात, म्हणजे त्यांना 38. उतारवयात स्नायू झिजतात, म्हणून अनेक तज्ज्ञ किलोमागे 1 ग्रॅम किंवा थोडं जास्तच धरतात. मीही तेच धरते. तेव्हा रोज 18-20 ग्रॅमची तूट आहे आणि ती भरायलाच हवी. डबा दाखवणाऱ्या बाईंचं तेवढं बरोबर आहे.

आता डबा. लेबलवर 100 ग्रॅममागे प्रथिनं 40 ग्रॅम लिहिली आहेत. निव्वळ सोया आयसोलेट, म्हणजे सोयाबीनमधून वेगळं काढलेलं प्रथिन, असतं तर हाच आकडा 85 ते 90च्या घरात असता. उरलेल्यात साखर आहे, माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून केलेली पूड आहे, वासासाठी घातलेला अर्क आहे. सासूबाईंना शुगर आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर हा डबा नकोच. आणि रोजच्या 30 ग्रॅमच्या मापातून मिळणार 12 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ग्रॅमला आठ रुपये पडले. तुमच्या कट्ट्यातल्या सोयाबीनचा 2025-26चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये, किलोला 53. त्या एका किलोत साधारण 360 ग्रॅम प्रथिनं असतात. ग्रॅमला पंधरा पैसे! तेवढाही भाव तुम्हाला मोंढ्यात मिळत नाही, आणि तेच सोयाबीन डब्यात बसून तुमच्या दारात आठ रुपये ग्रॅमने येतं, याचं मला फार वाईट वाटतं. लातूरच्या आसपास इतकं पिकतं, पण रास झाली की थेट आडतीवर जातं. तेल निघतं, पेंड कोंबड्यांना जाते आणि घरातल्या म्हातारीच्या ताटात एक दाणा येत नाही.

तर करायचं असं. किराणा दुकानातून सोयावडी आणा. तेल काढून उरलेल्या सोयापिठाची ती वडी, त्यात निम्मी प्रथिनंच असतात. रोज कोरडी 30 ग्रॅम, म्हणजे लहान मूठभर, मिठाच्या पाण्यात उकळून घट्ट पिळा. पहिलं पाणी टाकून द्या, वास जातो. मग मिक्सरला भरड फिरवून पिठल्यात, उपम्यात किंवा वांग्याच्या रश्श्यात घाला. दात नसले तरी खाता येतं. एकट्या या वडीतून 15 ग्रॅम मिळतील. एकदम सगळी देऊ नका, पहिला आठवडा अर्धीच द्या, नाहीतर पोट फुगेल.

दुसरं, दळण. नऊ किलो ज्वारीला एक किलो सोयाबीन. यातून रोज तीन-चार ग्रॅमची भर पडते, आणि ज्वारीत जे लायसिन (प्रथिनातला एक गरजेचा घटक) कमी असतं ते सोयाबीनमध्ये भरपूर असतं, त्यामुळे भाकरीतलं मूळचं प्रथिनही जास्त कामी येतं. पण सोयाबीन कच्चं दळायचं नाही. 2019मध्ये मी माझ्या आईसाठी घाईत कच्चंच दळून आणलं. चार दिवस तिचं पोट बिघडलं आणि नंतर महिनाभर ती त्या पिठाला हात लावेना. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनेच जातो. पाण्याला आधी खळखळ उकळी आणा, मग निवडलेले दाणे त्यात सोडा. गार पाण्यात टाकून मग तापवलं तर उग्र वास राहतो. वीस-पंचवीस मिनिटं उकळा, निथळा, कडकडीत उन्हात दाणा दाताखाली कट्कन फुटेपर्यंत वाळवा आणि मगच गिरणीत न्या. आई नंतर दोन वर्षं ह्याच भाकरी खात होती.

एक गोष्ट हात जोडून सांगते. पेरणीतून उरलेलं बियाणं खायला घेऊ नका. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं आणि धुऊन ते जाईल याचा भरवसा नसतो. पावसात भिजून काळं पडलेलं, बुरशी धरलेलं सोयाबीनही नको. चांगल्या राशीतलं पाच किलो वेगळं काढून ठेवा.

आणि ताई, सुरू करण्याआधी एकदा रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं. मूत्रपिंड अशक्त असेल तर प्रथिनं वाढवायची की कमी करायची, हे डॉक्टरच ठरवतील. वर्षभरात वजनही उतरलं असेल तर त्याचं कारणही शोधायला सांगा. प्रथिनं नुसती पोटात जाऊन पायात बळ येत नाही. खुर्चीवर बसवून, हाताचा आधार कमी करत, सकाळ-संध्याकाळ आठ-दहा वेळा उभं राहायला लावा. तुम्ही शेजारी थांबा.

डबा वाईटच असतो असं मी म्हणत नाही. तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर चावता न येणारा माणूस, आजारपणात दोन घासांवर उठणारा माणूस, अशांना मी स्वतः आयसोलेट लिहून देते. तुमच्या सासूबाई तीन भाकरी खातात.

प्रश्न : सोया प्रोटीनने कोलेस्टेरॉल उतरतं असं वाचलं. गोळी बंद करू का?
— एक निवृत्त शिक्षक, उदगीर

उत्तर : गुरुजी, गोळी बंद करू नका. 1999मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रोज 25 ग्रॅम सोया प्रथिनं हृदयाला हितकर, असं पाकिटावर छापायला परवानगी दिली. पुढे अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे येईनात, म्हणून 2017मध्ये त्याच प्रशासनाने ती परवानगी मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. एकत्रित अभ्यासांत वाईट कोलेस्टेरॉल साधारण 3 ते 4 टक्के उतरलेलं दिसतं. म्हणजे फायदा आहे, पण गोळीची जागा घेण्याइतका नाही. घरी आठवड्यात दोनदा मटण होत असेल आणि त्यातल्या एका वारी सोयावडीचा रस्सा केलात तर मटणातली चरबीही टळते, तो लाभ वेगळाच.

प्रश्न : मी 22 वर्षांचा, शाकाहारी. व्यायामशाळेतले मित्र म्हणतात सोयाने पुरुषी हार्मोन कमी होतात, छाती बायकी होते. खरं का?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : नाही रे बाळा. सोयाबीनमधल्या आयसोफ्लेव्होन नावाच्या घटकांची रचना इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनसारखी दिसते, त्यातून ही भीती निघाली. पण शरीरात त्यांचं काम फार क्षीण असतं. पुरुषांवर झालेल्या चाचण्यांचा 2021मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात टेस्टोस्टेरॉनवर, म्हणजे पुरुषी हार्मोनवर, परिणाम आढळला नाही. छाती सुजल्याच्या ज्या एकदोन नोंदी आहेत त्या रोज जवळपास तीन लिटर सोयादूध पिण्यासारख्या अतिरेकाच्या आहेत. तू रोज 40-50 ग्रॅम वडी खा, सोबत दूध-दही-डाळ ठेव. दुधापासून केलेल्या व्हे प्रोटीनमध्ये स्नायू घडवायला लागणारं ल्युसिन जास्त, हे खरं, पण दूध पचत नसेल तर सोया आयसोलेट चांगला पर्याय आहे. सोयाबीनमध्ये बी-12 जीवनसत्त्व नसतं, शाकाहारी आहेस तर वर्षातून एकदा ते तपास.

प्रश्न : थायरॉइडची गोळी चालू आहे. सोयाबीन बंद करावं का?
— एक गृहिणी, परळी

उत्तर : बंद करायची गरज नाही, वेळ सांभाळा. सोयामुळे गोळी आतड्यात कमी शोषली जाते, म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. गोळी सकाळी उपाशीपोटी, सोयावडी दुपारच्या जेवणात. आयोडीनयुक्त मीठच वापरा. रोज खायला लागल्यावर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा, डोस थोडा बदलावा लागू शकतो.